नानांना सगळं आठवतं, मग बिघडलंय काय?

रामबागकरीण

धागा लांब होणार आहे, आधीच सांगते.

आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, ऐंशी ओलांडलेले. जन्म इंदूरचा. नोकरी हुकुमचंद मिलच्या हिशेब खात्यात, आणि १९९१ मध्ये मिल बंद पडली तेव्हापासून सियागंजात एका किराणा व्यापाऱ्याकडे मुनीमगिरी. सगळं आयुष्य आकड्यांत गेलं. स्मरणशक्ती अशी की पाहुण्यांना बसवून ऐकवावी. १९४५ ची रणजी फायनल त्यांनी फक्त वडिलांकडून ऐकलेली आहे, पण डेनिस कॉम्प्टनने होळकरांकडून नाबाद २४९ केल्या आणि तरी मुंबईच जिंकली, हे सांगताना वाटावं की हे स्वतःच मैदानावर होते. मुश्ताक अली, सरवटे, निंबाळकर, सगळी नावं ओळीने. अनंत चतुर्दशीच्या रात्री कोणत्या मिलची झांकी कोणाच्या मागे निघायची तेही. बरं, जुनंच आठवतं असंही नाही. काल कोण आलं होतं, काय खाल्लं, नातीची परीक्षा कधी, सगळं नीट सांगतात.

पण दिवाळीपासून त्यांना दुधाचा हिशेब लागत नाही.

बेरीज येते. शंभराच्या नोटेचे सुटे येतात. पण 'या महिन्यात चार दिवस दूध घेतलं नाही, दोन दिवस अर्धा लिटर जास्त घेतलं, भाव मध्येच वाढला' असं सगळं एकत्र आलं की कॅलेंडरसमोर बसून राहतात. बँकेचा फॉर्म अर्धा भरून ठेवून देतात. चहा करताना मध्येच कोणी काही विचारलं की तिथेच अडकतात. मग गॅस सुरू, पातेलं रिकामं. चालणं हळू झालंय, पावलं लहान पडतात. सानंद या संस्थेच्या नाटकाला वर्षानुवर्षं न चुकता जाणारे नाना आता मध्यंतरातच 'चला' म्हणतात. घरातही कोणी बोलावलं तर येतात, नाहीतर बसून. सासूबाईंच्या मते आळशी झालेत. माझ्या नवऱ्याच्या मते रिटायरमेंटचा कंटाळा (रिटायर होऊन जमाना झाला!).

एका दवाखान्यात छोटी चाचणी घेतली. तीसपैकी सत्तावीस. 'वयाच्या मानाने उत्तम' म्हणून घरी पाठवलं.

तर प्रश्न असा. डिमेन्शिया म्हणजे विसरणं, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. नाना विसरत नाहीत. मग हे काय आहे? मेंदूची अशी किती वेगवेगळी कामं असतात आणि कोणत्या आजारात कोणतं आधी ढासळतं? जाणकार आणि अनुभवी दोघांनीही लिहा. डॉक्टरांना पुन्हा दाखवणारच आहोत, त्यामुळे नुसतं 'डॉक्टरांना दाखवा' नको :)

---

छप्पनचा_पोहा

भाभी, टेन्शन नका घेऊ. ऐंशीनंतर एवढं चालतंच. आमचे आजोबा तर चप्पल फ्रीजमध्ये ठेवायचे, काही आजार-बिजार नव्हता, नव्वदीपर्यंत मस्त जिलबी खाऊन राहिले होते. सकाळी राजवाड्यापर्यंत फिरवून आणा, जीरावन टाकून पोहे खाऊ घाला, माणूस खुलेल.

---

शंकासुर

बी१२, थायरॉईड, सोडियम, साखर हे रक्तात तपासलंय का? शाकाहारी घर असेल तर बी१२ आधी बघा. आमच्या मावशीचं अर्धं 'म्हातारपण' इंजेक्शनांनी गेलं. आणि झोपेची, ॲलर्जीची, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेली जुनी कुठली गोळी सुरू आहे का तेही पाहा. त्यातल्या काही गोळ्या म्हाताऱ्या मेंदूला मंद करतात.

पोहे-भिया, फ्रीजमध्ये चप्पल हे 'काही आजार-बिजार नव्हता'चं लक्षण नव्हे हो.

---

मनमापक

मी अशा चाचण्या घेण्याचंच काम करते. न्यूरॉलॉजिस्ट पाठवतात ते लोक माझ्यापर्यंत येतात. इथे बसून नानांचं निदान मी करणार नाही, पण तुमचा प्रश्न फार नेमका आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ते सत्तावीस गुण. ही चाचणी बहुधा १९७५ ची, फोल्स्टीन यांची. तिची वाटणी अशी: तारीख, वार, गाव, मजला वगैरेंना १०, तीन शब्द लगेच म्हणून दाखवायला ३, शंभरातून सात-सात वजा करायला ५, तेच तीन शब्द थोड्या वेळाने आठवायला ३, भाषेला ८ आणि एक आकृती उतरवायला १. झाले तीस. आता यात बेत आखणं कुठे आहे? दोन गोष्टी एका वेळी सांभाळणं, नियम बदलला की आपणही बदलणं, एक काम अर्ध्यावर ठेवून दुसरं करून परत पहिल्यावर येणं? त्यांना जवळजवळ शून्य गुण. जन्मभर मुनीमगिरी केलेल्या माणसाला शंभरातून सात वजा करायला लावणं म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याला घोटाभर पाण्यात उतरवून 'छान पोहता' म्हणणं. सत्तावीसचा अर्थ इतकाच की या चाचणीने जे पाहिलं ते ठीक आहे.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची जी निदान-पुस्तिका २०१३ मध्ये आली, डीएसएम-५, तिने यासाठी सहा क्षेत्रं मानली आहेत: अवधान म्हणजे लक्ष, कार्यकारी क्षमता म्हणजे बेत आखून काम पार पाडणं, शिकणं व स्मृती, भाषा, डोळ्यांनी पाहिलेल्याचा अंदाज घेऊन हात चालवणं, आणि सहावं म्हणजे माणसांतलं भान. निदानासाठी स्मृतीच गेली पाहिजे ही जुनी अट त्यात उरली नाही. यातलं कोणतंही एक क्षेत्र आधीपेक्षा स्पष्ट घसरलं तरी आजाराचा विचार होतो. रोजचे व्यवहार माणूस थोडी जास्त खटपट करून का होईना पण स्वतः निभावतो तोवर तो सौम्य प्रकार, दुसऱ्यावर अवलंबून राहावं लागलं की मोठा. 'आधीपेक्षा' हा शब्द महत्त्वाचा. ज्याला कधीच हिशेब जमला नाही त्याला आज जमत नसेल तर काही बिघडलेलं नाही. तुमच्या नानांचं मात्र अख्खं आयुष्य त्यात गेलं.

तुम्ही लिहिलेल्या बहुतेक सगळ्या गोष्टी पहिल्या दोन क्षेत्रांत बसतात. बेरीज येणं वेगळं. चार अटी डोक्यात धरून ठेवायच्या, कोणती आधी लावायची ते ठरवायचं, मधल्या उत्तराला जागा द्यायची, हे वेगळं. चहाच्या वेळी कोणी बोललं की अडकणं म्हणजे चहाची कृती विसरणं नव्हे. लक्ष एकदा निघालं की परत जागेवर येत नाही. 'आळशी झालेत' त्याचं नाव उदासीनता: सुरुवात करून देणारी कळच सैल होते. कोणी बोलावलं की येतात म्हणता, तर ते जुळतंच. ही बाहेरून मिळालेली कळ झाली. नाटकाचंही तसंच असू शकतं. तीन पात्रं एकमेकांत बोलतात, मागचा धागा धरून ठेवायचा असतो, त्यात माणूस थकतो आणि थकला की 'चला' म्हणतो.

बीपी आणि साखर आहे का? किती वर्षांपासून? पुढचं ते कळल्यावर लिहिते.

---

रामबागकरीण

दोन्ही आहे. बीपी तर मिलमध्ये होते तेव्हापासून. गोळी 'बरं वाटलं की बंद' या पद्धतीने. साखर नंतरची. शंकासुर, बी१२ आणि थायरॉईड झालंय, ठीक आलं. झोपेची गोळी नाही.

---

मनमापक

अंदाज तोच होता.

मेंदूच्या पुढच्या भागात, कपाळामागे, बेत आखण्याचं काम होतं. पण ते एकटं चालत नाही. खोलवरच्या केंद्रांशी त्याची ये-जा सुरू असते, आणि ती ज्या तंतूंमधून होते त्यांना रक्त पोहोचवणाऱ्या धमन्या अगदी बारीक असतात. वर्षानुवर्षं बीपी आणि साखर चढी राहिली की या बारीक धमन्यांच्या भिंती जाड होतात, कुठे कुठे मोहरी-मटाराएवढे झटके येऊन जातात. तोंड वाकडं होत नाही, हात लुळा पडत नाही, त्यामुळे कोणाला कळतही नाही. एमआरआयमध्ये मात्र पांढरे डाग दिसतात. मग माणूस मंद होतो. विचार मंद, चालणं मंद, उत्तर उशिरा पण बरोबर. हा रक्तवाहिन्यांमुळे होणारा प्रकार. स्मृतीचा मुख्य साठा, हिप्पोकॅम्पस, यात बराच काळ टिकून राहू शकतो. अल्झायमरमध्ये सहसा तिथूनच सुरुवात होते.

फरक चाचणीत कसा दिसतो ते सांगते, कारण मला स्वतःला हा भाग सगळ्यात रंजक वाटतो. पाच शब्द देतो, काही मिनिटांनी विचारतो. समजा दोन्ही रुग्णांना दोनच आठवले. मग इशारा देतो: 'एक फूल होतं', 'एक रंग होता'. रक्तवाहिन्यांवाल्याला इशारा मिळाला की शब्द बरेचदा सापडतो. साठवलेलं असतं, शोधून काढणं जमत नसतं. अल्झायमरवाल्याला इशाऱ्याने फारसा फायदा होत नाही, कारण शब्द आत पोहोचलाच नव्हता. गुण दोघांचे सारखे, बिघाड निराळा. प्रत्यक्षात दोन्ही आजार एकाच मेंदूत असणंही खूप आढळतं, म्हणून यावरून घरी निकाल लावू नका.

मॉन्ट्रियलची २००५ ची मोका नावाची चाचणी आहे, तीही तीस गुणांची, पण कार्यकारी क्षमतेला तिच्यात जागा आहे. आकडा आणि अक्षर आळीपाळीने रेघेने जोडत जायचे. आणि घड्याळ: गोल काढा, आकडे भरा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. साधं वाटतं. पण 'दहा' ऐकल्यावर काटा १० या आकड्याकडे ओढला जातो. ती ओढ थांबवून 'दहा मिनिटं म्हणजे २ वर' असं वळावं लागतं. ही थांबवण्याची शक्ती कमी झाली की एक काटा ११ वर आणि दुसरा १० वर. तीच मोका करून मागा.

---

छप्पनचा_पोहा

मॅडम, मान गए. पण मग म्हातारपणात थोडं स्लो होणं आणि हे, यातला फरक कसा ओळखून राहायचा?

---

मनमापक

थोडा वेग कमी होतो, नाव पटकन ओठावर येत नाही, नवा मोबाईल शिकायला जड जातो, हे वयाचं. वर्षानुवर्षं केलेलं काम अडू लागलं तर ते वयाच्या खात्यात टाकू नये. भारतात साठीपुढच्या लोकांचा मोठा अभ्यास झाला, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला, त्यात डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के निघालं, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. संख्या मोठी आहे. पण साठीपुढच्या शंभरांत नव्वदहून जास्त जणांना तो नसतो, मग 'वय झालं की होतंच' कसं म्हणायचं?

---

बडोद्याची_लेक

आमच्याकडे बरोबर उलटं चित्र, म्हणून लिहिते. आई दांडिया बाजारात जन्मली, तिथेच वाढली. तिला अल्झायमर आहे. पहिली दोन-अडीच वर्षं बाहेरच्यांना पत्ताच लागला नाही, कारण वागणं, बोलणं, आल्यागेल्याचं करणं सगळं जसंच्या तसं. 'या, बसा, कशी आहे आईची तब्येत' हे अगदी योग्य जागी. फक्त दहा मिनिटांनी परत 'या, बसा'. इशाऱ्याचं जे वर लिहिलंय ते अक्षरशः तसंच. 'सकाळी कोण आलं होतं? आपली गुलाबी साडीवाली...' तरी कोरी पाटी.

नंतर शब्द गेले. 'झारा' म्हणायचं असेल तर 'ते तळायचं'. आयुष्यभर फाडफाड गुजराती बोललेली बाई, तिचं गुजराती आधी गळालं, मराठी मागे राहिलं. मग वाटा. सुरसागर तलावाला एक चक्कर मारून घर गाठायची, ते बंद करावं लागलं. पण पोळी! पोळी अजून गोल लाटते. किती लाटल्या ते सांगता येत नाही, कोणासाठी ते माहीत नाही, हात मात्र चुकत नाही. याचं काय स्पष्टीकरण?

---

मेंदूत_मुंगी

@बडोद्याची_लेक, हाताची स्मृती वेगळ्या ठिकाणी असते. याची प्रसिद्ध केस म्हणजे हेन्री मोलेसन. अपस्मार थांबवायला १९५३ मध्ये त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराच भाग शस्त्रक्रियेने काढला. झटके कमी झाले, पण तेव्हापासून नवं काहीच साठेना. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. रोज सराव, रोज हात सुधारत गेला, आणि रोज तो म्हणे की हे मी आधी कधीच केलेलं नाही. शिकणारा हात आणि आठवणारं मन वेगळं, हे त्यातून पक्कं झालं. आईंच्या पोळीच्या सवयी मेंदूच्या खोल भागांत आणि लहान मेंदूत बसलेल्या आहेत. अल्झायमर तिथे बराच उशिरा पोहोचतो.

अवांतर: त्यांना लाटू द्या. गॅसपाशी मात्र तुम्ही राहा.

---

किल्ल्याखालचा

ग्वाल्हेरहून. आमच्या मामांचं तिसरंच. स्मृती ठीकठाक, पण संध्याकाळी अंगणात मुलं बसलेली दिसायची. भीती वगैरे नाही, 'त्यांना पण खाऊ द्या' म्हणायचे. एका दिवशी अगदी लख्ख, दुसऱ्या दिवशी गुंगीत असल्यासारखे. जिन्याच्या पायरीचा अंदाज चुकायचा, कपात चहा ओतताना बाहेर. मामी सांगते की त्याच्या कित्येक वर्षं आधीपासून झोपेत हातपाय झाडायचे, स्वप्नात मारामारी करायचे. भूतबाधा म्हणून उतारे झाले. मग भास थांबावेत म्हणून कोणीतरी हॅलोपेरिडॉल दिलं आणि मामा लाकडासारखे कडक झाले. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी निदान केलं, ल्युई बॉडी, डिमेन्शियाचाच एक प्रकार.

ज्यांच्या घरी असं असेल त्यांनी भासांच्या औषधाआधी हे नाव डॉक्टरांपुढे काढावं. या आजारात अशी औषधं जिवावर बेतू शकतात.

---

मनमापक

किल्ल्याखालचा यांच्या पोस्टला खूप मोठं +१. झोपेत स्वप्न 'करून दाखवणं' ही खूण फार मोलाची, आणि ती फक्त बायकोला ठाऊक असते. डॉक्टर विचारत नाहीत, घरचे सांगत नाहीत.

---

नाव_नको

नेहमीच्या आयडीने लिहीत नाही, घरचे इथे वाचतात.

सहा क्षेत्रांतलं सहावं, माणसांतलं भान, त्याबद्दल कोणीच काही लिहिलं नाही म्हणून लिहिते. घरातली एक व्यक्ती, पन्नाशीतली. दुकान स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं. हळूहळू गिऱ्हाइकांना तोंडावर काहीही बोलू लागले. कोणाच्या घरी मयताला गेलो तर तिथे हसले. गोड कधी फारसं न खाणारा माणूस, सराफ्यातल्या खाऊगल्लीत उभ्या उभ्या रबडी संपवून वर मावाबाटी. पैसे कोणालाही देऊन टाकले. मुलीला ताप आला तर ढुंकून पाहिलं नाही. सगळे म्हणाले चाळिशी-पन्नाशीत पुरुष असे बिघडतात, कोणी म्हणालं बाई असेल. मी घटस्फोटाच्या वकिलापर्यंत पोहोचले होते. स्मृती? मोका? बऱ्यापैकी. त्यांना स्वतःला काही बदललंय असं वाटतच नव्हतं, अजूनही वाटत नाही.

फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. नाव कळलं त्या दिवशी मला, कसं सांगू, हलकं वाटलं. राग कुठे ठेवायचा ते कळलं.

---

बडोद्याची_लेक

नाव_नको, ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत.

---

मेंदूत_मुंगी

हा प्रकार आर्नोल्ड पिक यांनी १८९२ मध्ये प्रथम वर्णन केला, म्हणजे अल्झायमर यांनी त्यांची ती प्रसिद्ध रुग्ण १९०६ मध्ये सभेत मांडली त्याच्याही आधी. तरी आजही घरोघरी तो 'स्वभाव' म्हणून खपतो. ४५ ते ६५ या वयात जास्त दिसतो, आणि त्या वयात डिमेन्शियाचं नाव कोणाच्या मनात येत नाही.

---

सूनबाई_सुदामानगर

एक विचारायचं होतं. आजेसासूबाई खुब्याच्या ऑपरेशननंतर दोन दिवसांत एकदम बदलल्या. रात्री नर्सला शिव्या, सलाइन काढून टाकलं, मला ओळखेनात. आधी काही नव्हतं. हा डिमेन्शिया सुरू झाला का?

---

मनमापक

काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत झालेला बदल हा डिमेन्शियाचा वेग नाही. याला डिलिरियम म्हणतात आणि ती तातडीची बाब आहे. लघवीचा संसर्ग, सोडियम उतरणं, न तपासलेली वेदना, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, नवं औषध, चष्मा आणि श्रवणयंत्र घरी राहणं, यातलं काहीही कारण असू शकतं. आजच डॉक्टरांना सांगा, उद्यावर टाकू नका. यात सगळ्यात आधी अवधान कोसळतं. साधी परीक्षा: महिने उलटे म्हणायला सांगा. आजींना डिसेंबर-नोव्हेंबर नसेल जमत तर फाल्गुन-माघ-पौष. डिलिरियममध्ये माणूस दोन महिन्यांतच भरकटतो, आणि सकाळी जमलं तर संध्याकाळी जमत नाही. कारण सापडलं की बहुतेकदा उतरतो, पण पूर्ण उतरायला आठवडे लागू शकतात. पुढे मात्र एकदा स्मृतीची तपासणी करून घ्या, कारण आधीपासून थोडी घसरण असलेल्यांना हा जास्त होतो.

---

निवृत्त_कॅशियर

वैद्यकातलं मला कळत नाही. बँकेतलं सांगतो. रामबागकरीण वहिनी, नाना आज समजून उमजून सही करू शकतात ना? मग खाती आजच संयुक्त करा, 'दोघांपैकी कोणीही' या पद्धतीची. नॉमिनी तपासा. मृत्युपत्र त्यांच्या मनाप्रमाणे करून घ्या. लोक मुखत्यारपत्र करून निर्धास्त होतात, पण करार कायदा १८७२ चं कलम २०१ वाचा. ज्याने अधिकार दिला त्याचं मानसिक संतुलन गेलं की तो अधिकारही संपतो. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच कागद निकामी. त्यानंतर पालकत्वासाठी हायकोर्टात जावं लागतं. खंडपीठ इंदुरातच आहे, तरी वेळ आणि खर्च जातोच. मनमापक ताईंच्या भाषेत सांगायचं तर कार्यकारी क्षमता घसरते तेव्हा पैसा आधी धोक्यात येतो, विसरण्याच्या कितीतरी आधी. काउंटरच्या आतून मी ते पाहिलंय. सही तीच, सुबक. व्यवहार मात्र वेडगळ.

---

शंकासुर

औषधाचं कोणी लिहीत नाही. डोनेपेझिल? आणि ते अमेरिकेतलं नवं इंजेक्शन? ब्राह्मी, जिंकगो?

---

मेंदूत_मुंगी

डोनेपेझिल १९९६ पासून आहे. अल्झायमरमध्ये आणि ल्युई बॉडीमध्ये थोडा आधार देतं, आजार थांबवत नाही. फ्रंटोटेम्पोरलमध्ये उपयोग नाही, कधी चिडचिड वाढते. नवं इंजेक्शन म्हणजे लेकानेमॅब, अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. फक्त सुरुवातीच्या अल्झायमरसाठी, तेही मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचल्याचं सिद्ध झालं तर. दीड वर्षात घसरणीचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी कमी, आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका. नानांच्या प्रकाराशी त्याचा संबंध नाही. जिंकगोची ३,०६९ वृद्धांवर वर्षानुवर्षं चाचणी झाली, निष्कर्ष २००८ मध्ये आले: डिमेन्शिया टळला नाही.

नानांसाठी खरं औषध बीपीची गोळीच. २०१९ मध्ये आलेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत वरचं बीपी १२० च्या खाली ठेवायचा प्रयत्न केलेल्या गटात सौम्य घसरण १९ टक्क्यांनी कमी आढळली. ऐंशीपुढे चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो, त्यामुळे किती खाली आणायचं ते डॉक्टरांनी ठरवायचं. 'बरं वाटलं की बंद' ही पद्धत मात्र आजपासून बंद.

---

जुना_इंदौरी

मी ऐकलंय की दोन भाषा बोलणाऱ्यांना हा आजार उशिरा होतो. मग आपण इंदूरचे मराठी सगळे सुटलो की! घरात मराठी, चौराह्यावर हिंदी, रागावलो की मालवी.

---

मेंदूत_मुंगी

थट्टा बाजूला ठेवून, अभ्यास खरा आहे आणि आपल्याकडचाच आहे. हैदराबादच्या दवाखान्यातले ६४८ रुग्ण, सुवर्णा अल्लाडी आणि सहकारी, २०१३. एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांत डिमेन्शियाची सुरुवात सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली, आणि न शिकलेल्यांतही दिसली. कल्पना अशी की एक भाषा बोलताना दुसरी दाबून ठेवावी लागते, तो व्यायाम जन्मभर होतो. पण हे आजार उशिरा दिसण्याबद्दल आहे, न होण्याबद्दल नाही. आणि सगळ्या अभ्यासांत तेच निघालं असंही नाही. 'सुटलो' म्हणू नका.

---

रामबागकरीण

सगळ्यांचे आभार. अपडेट देते.

न्यूरॉलॉजिस्टना दाखवलं. एमआरआयमध्ये पांढरे डाग भरपूर, दोन-तीन जुने छोटे झटके. मोकामध्ये २१. घड्याळात काटे ११ आणि १० वर, मनमापक, तुम्ही लिहिलं तसंच. राहिलेले चारही शब्द इशाऱ्याने आले. निदान 'रक्तवाहिन्यांमुळे, सौम्य, पण हळूहळू पुढे सरकू शकेल'. बीपीची गोळी डबीत वारानुसार भरून ठेवतो, साखरेचं औषध बदललं, ऐकू कमी येतं ते तपासायला सांगितलंय.

घरात बदल केला तो असा. दुधाचा हिशेब काढून घेतला नाही. दूधवाल्याला रोजचे रोज पैसे देतो, त्यामुळे चार अटी एकत्र येतच नाहीत आणि पैसे नानाच मोजून देतात. चहा करताना कोणी बोलायचं नाही, नातीलाही सांगितलंय. फिरायला 'जाता का?' विचारलं की 'नको' येतं, म्हणून चप्पल पुढे ठेवून 'चला नाना' म्हणायचं. येतात. सासूबाई आता 'आळशी' म्हणत नाहीत, पण 'मला बोलावायला कोण येतं?' म्हणतात. त्यांचंही बरोबर आहे.

निवृत्त कॅशियर काका, खात्यांचं काम झालं. मृत्युपत्राचं नानांनी स्वतःच काढलं, आम्हाला तोंड उघडावं लागलं नाही.

---

सूनबाई_सुदामानगर

आजींचं सोडियम फार उतरलं होतं. आता पुष्कळ बऱ्या आहेत. मनमापक ताई, धन्यवाद. पुढे त्यांचीही स्मृतीची तपासणी करायचीय. त्यांचं शिक्षण मराठी चौथीपर्यंत, हिंदी कामापुरतं. इथे चाचणी हिंदीत घेतात. चालेल?

---

मनमापक

ज्या भाषेत त्या मनातल्या मनात बोलतात त्या भाषेत घ्यायला सांगा. 'एका मिनिटात जितके प्राणी आठवतील तितके' हे हिंदीत विचारलं तर त्यांचे गुण उगाच पडतील. शब्द दोन्ही भाषांत आले तर दोन्ही मोजायला सांगा, एकच प्राणी दोनदा मात्र नको. आकड्यांचं निराळं. बाजारात हिंदीत मोजायची सवय असेल तर वजाबाकी हिंदीतच करू द्या. मोकामध्ये बारा वर्षं किंवा कमी शिक्षण असेल तर एक गुण वाढवून देतात, पण चौथीच्या शिक्षणाला तेवढ्याने न्याय होत नाही. म्हणून नुसत्या गुणांवर न जाता, आधी त्या काय काय करायच्या आणि आता काय सुटलं याची यादी घरून लिहून न्या. चष्मा, कवळी, श्रवणयंत्र सोबत असू द्या. वेळ सकाळची घ्या, आणि आजार उतरून दोन-तीन महिने गेल्यावरच जा. आणि तुम्ही खोलीत बसलात तर आजी तुमच्याकडे पाहतील, तुमच्या ओठांवर उत्तर येईल. शक्यतो बाहेर बसा.